शेंगा चटणीच्या खाली एक ओळ वाढवा : सोलापूरच्या सहल-संयोजकांना खुले पत्र

सोलापुरातून परदेश सहली नेणाऱ्या सर्व संयोजकांना,
सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एका संस्थेबरोबर मी आणि माझी पत्नी २०२३ च्या डिसेंबरात मॉरिशसला जाऊन आलो. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण जे राहून गेलं ते त्या एका संस्थेकडून राहिलेलं नाही. परत आल्यावर ओळखीपाळखीतून आणखी चार संस्थांच्या माहितीपुस्तिका मागवून घेतल्या आणि निवृत्त बँक कारकुनाच्या सवयीने शेवटच्या पानापर्यंत वाचल्या. पाचही पुस्तिकांत तीच जागा कोरी आहे: महागाची वस्तू सोबत नेणाऱ्याने निघताना कस्टमकडून कुठला कागद घ्यावा, याची. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना.

पुस्तिका बाकी झकास असतात, हे आधी सांगतो. आमच्या पुस्तिकेत सोबत काय घ्यावं याची दोन पानं होती. शेंगा चटणी दोन पिशव्यांत बांधून घ्यावी, नाहीतर तेल सुटून कपड्यांना लागतं. कडक भाकरी डब्यात उभी लावावी, म्हणजे चुरा होत नाही. गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांच्या सहीची असावी. दागिने शक्यतो घरी ठेवावेत. पायमोजे किती जोड, ते सुद्धा! इतकं बारीक लिहिणारा माणूस प्रवाशांची काळजी करणारा असतो, यात शंका नाही. पण सोबत कॅमेरा, रेकॉर्डर, मायक्रोफोन किंवा अशीच महागाची वस्तू नेणाऱ्याने निघताना कस्टमच्या टेबलावर काय करावं, याची एक ओळ त्या दोन पानांत नव्हती. ती असती तर आमची बस विमानतळाबाहेर अडीच तास उभी राहिली नसती.

आता हा म्हातारा सुट्टीला रेकॉर्डर कशाला नेतो, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. आमच्या टूर मॅनेजरने तो तोंडावरच विचारला होता. उत्तर थोडं लांबचं आहे.

माझे वडील कापड मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. त्या काळी सोलापुरात घड्याळ घरी नसलं तरी चालायचं, कारण मिलचे भोंगे होते. कुठला भोंगा कुठल्या मिलचा हे आम्हा पोरांना आवाजावरून कळायचं. एक जाडसर, एक जरा चिरका, एक शेवटी खोकल्यासारखा तुटणारा. मिल बंद पडल्या तसे भोंगेही गेले. काही वर्षांपूर्वी मी सहज चौकशी केली की त्या भोंग्यांचा आवाज कुणाकडे टेप केलेला आहे का. फोटो मिळाले, चिमण्यांचे मिळाले, गेटवर उभ्या कामगारांचे मिळाले. आवाज एकाकडेही मिळाला नाही. अख्ख्या गावाने दिवसातून इतक्या वेळा ऐकलेली गोष्ट, आणि ती साठवावी असं एकालाही वाटलं नाही. मला तरी कुठे वाटलं होतं?

तेव्हापासून हा नाद लागला. २०२२ च्या दिवाळीत निवृत्तीच्या पैशांतून झूम कंपनीचा एफ-६ रेकॉर्डर घेतला, त्याबरोबरच हेडफोन. पुढे एका ओळखीच्या माणसाकडून मायक्रोफोनची जोडी घेतली, वापरलेली. रेकॉर्डर हाताच्या पंजाएवढा, पण त्याची खुबी अशी की समोरचा आवाज एकदम चढला तरी तो फाटत नाही. ज्याला ३२-बिट फ्लोट म्हणतात, त्याची ही करामत. हलगीवाला अचानक कानाजवळ आला तरी चिंता नाही. पूर्व भागातल्या एका घरी हातमाग अजून चालतो, तिथला धोट्याचा ठोका मी घेतला. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांतला पॉवरलूमचा गदारोळ घेतला. २०२३ च्या जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत सातही नंदीध्वज ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघाले, तेव्हा त्या गर्दीत उभं राहून घुंगरांचा आवाज घेतला. त्यात मध्येच एक बाई ओरडते, 'आहो, वायर बाजूला घ्या की ओ!' ते वाक्य मी मुद्दाम ठेवलंय.

तर मॉरिशस. तिथे मराठी माणसं आहेत, हे तुम्ही जाहिरातीत छापताच. १८३४ च्या नोव्हेंबरात हिंदुस्थानातले करारावरचे मजूर पोर्ट लुईच्या बंदरात उतरले आणि पुढची कित्येक वर्षं उतरत राहिले. जिथे ते उतरायचे तो आप्रवासी घाट २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्या मजुरांत कोकणातली कुटुंबंही होती. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही गणपती बसवतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. तिथल्या मराठी लोकांत झाकरी नावाचा गाण्यानाचाचा प्रकार आहे. आपल्या कोकणातल्या जाखडीची ती बहीण. मला ती ऐकायची होती, आणि जमलं तर घरी न्यायची होती.

जमलं. सहलीच्या चौथ्या दिवशी, सगळे बाजारात गेले असताना, आम्ही दोघं टॅक्सी करून एका गावातल्या मराठी देवळात गेलो. तिथे सत्तरी ओलांडलेल्या एका आजींनी गौरीचं गाणं म्हटलं. पत्र्यावर पाऊस, बाहेर कुत्रं, आणि साथीला दोन बाया, त्यातल्या एकीचा टाळ जरासा चिरलेला. शब्द मराठी, हेल कोकणातला, मधूनच तिथल्या क्रिओल बोलीतला एखादा शब्द येऊन बसलेला. गाणं संपल्यावर आजींनी विचारलं, 'झाला काय तुमच्या पेटीत?' माझ्या पत्नीच्या डोळ्यांत पाणी आलं, मी मात्र रेकॉर्डरवरच्या आवाजाच्या मीटरकडे बघत होतो. हा या छंदाचा शाप आहे.

तर अशी ती पेटी घेऊन आम्ही परत आलो, रात्री साडेबाराच्या सुमाराला. कुठल्या विमानतळावर ते सोडून द्या. आमच्यातले सगळे कस्टमच्या हिरव्या वाटेने निघाले, मीही निघालो, कारण जाहीर करण्यासारखं माझ्याकडे काही आहे असं मला वाटतच नव्हतं. माझीच वस्तू मी नेली, माझीच आणली. बॅग एक्स-रेमधून गेली, तिच्यावर खडूची खूण पडली, आणि मला बाजूच्या टेबलावर बोलावलं.

अधिकारी तरुण होते आणि सभ्य होते, हे मुद्दाम लिहितो. त्यांनी सगळं टेबलावर मांडायला लावलं: रेकॉर्डर, दोन मायक्रोफोन, हेडफोन, वायरी, मायक्रोफोनवर वाऱ्यासाठी घालायच्या केसाळ टोप्या. त्या टोप्या बघून मागच्या रांगेतलं एक लहान पोर 'मांजर, मांजर' म्हणालं. मग प्रश्न सुरू झाले. हे कुठून घेतलं? कधी? बिल आहे? जाताना एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घेतलं होतं का?

हा शब्द मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकला.

मी म्हटलं, वस्तू वापरलेली आहे, बघा, कोपरे घासलेत. ते म्हणाले, वापरलेल्या वस्तूही परदेशात विकत मिळतात. बरोबरच आहे. मग मला वाटलं माझ्याकडे हुकमाचा एक्का आहे. मी रेकॉर्डर चालू केला, कार्डावरची जानेवारीतली नंदीध्वजांची फाईल काढली आणि त्यांच्या हातात हेडफोन दिला. त्यांनी एका कानाला लावून ऐकलं, चांगलं मिनिटभर. 'आवाज फार छान आहे, सर,' ते म्हणाले. 'पण तारीख तर मशीनमध्ये कुणीही बदलू शकतं. आणि कार्ड जुनं असलं तर मशीन जुनं, असं थोडंच आहे.'

यावर माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. बँकेत चाळीस वर्षं मीही लोकांना हेच सांगत आलो होतो, की तुमच्यावर विश्वास आहे, पण कागद आणा.

आता हिशेब. तोच तुमच्या पुस्तिकेत सगळ्यात जास्त हवा आहे. तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या बॅगेज नियमांनुसार नेपाळ, भूतान, म्यानमार सोडून इतर देशांतून विमानाने येणाऱ्या भारतीय प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तू ड्युटीशिवाय आणता येत होत्या. स्वतःच्या वापरलेल्या वैयक्तिक वस्तू त्याशिवाय. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाचा एक लॅपटॉपही त्याशिवाय. मर्यादेच्या वर जे असेल त्यावर ३५ टक्के ड्युटी आणि त्या ड्युटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे एकूण ३८.५ टक्के. माझ्या टेबलावरच्या मालाची किंमत त्यांनी १,२०,००० धरली: रेकॉर्डर ७०,०००, हेडफोन १०,०००, मायक्रोफोनची जोडी ४०,०००. शिवाय मॉरिशसला लाकडी जहाजांच्या प्रतिकृती फार सुंदर करतात, तसं एक छोटं जहाज आम्ही ५,००० ला घेतलं होतं. एकूण १,२५,०००. त्यातून ५०,००० वजा केले की उरले ७५,०००, आणि त्यावर २८,८७५ रुपये. माझ्याच वस्तूसाठी, जिच्यावर मी एकदा दुकानात जीएसटी भरलेला आहे.

पत्नी म्हणाली, माझ्या बॅगेत काही नाही, माझे ५०,००० यांच्यात मिळवा. तेही चालत नाही. दोन प्रवाशांची सवलत एकत्र करता येत नाही, मग ते नवरा-बायको का असेनात.

मग मी घरी फोन लावला. रात्री दीड वाजता मुलगा माळ्यावर चढला. आमच्या घरातली बिलं ठेवायची जागा म्हणजे फराळाच्या रिकाम्या डब्यांमागचं एक खोकं. 'बाबा, इथं तीन खोकी आहेत, फ्रिजचं बिल सापडलं, मिक्सरचं सापडलं, तुमचं काही दिसंना ओ!' असं वीस मिनिटं चाललं. अखेर सापडलं. दुकानदाराने बिलावर रेकॉर्डरचा अनुक्रमांक टाकला होता, देव त्याचं भलं करो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला, अधिकाऱ्यांनी अंगावरचा क्रमांक भिंग लावून ताडून बघितला. रेकॉर्डर आणि हेडफोन सुटले. मायक्रोफोनचं बिल नव्हतंच, पण ४०,००० अधिक जहाजाचे ५,००० मिळून ते ५०,००० च्या आत बसले. एक पैसाही भरावा लागला नाही. पत्नीला आवडलेलं मोठं जहाज घेतलं असतं तर बसलं नसतं. ते मी दुकानात 'महाग आहे' म्हणून नाकारलं होतं, आणि त्यावरून ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नव्हती.

बाहेर आलो तेव्हा तीन वाजून गेले होते. बसमध्ये बावीस माणसं ताटकळलेली, त्यात दोघं इन्शुलिनवाले. कुणी काही बोललं नाही, म्हणजे न बोलूनच बोलले. टूर मॅनेजर तेवढा म्हणाला, 'काका, एवढं सामान आणायचंच कशाला ओ? मोबाईलमध्ये होतंय की रेकॉर्ड.' त्या पोराचा राग नाही. तो दोन रात्री झोपला नव्हता. पण तेच वाक्य आजवर खुपतंय, कारण त्याला जे माहीत असायला हवं होतं ते मला रात्री साडेबाराला एका अनोळखी अधिकाऱ्याकडून कळलं.

आणि खरी गंमत जातानाची आहे. सोलापूरहून निघून आम्ही वेळेच्या इतके आधी विमानतळावर पोचलो की साडेतीन तास नुसते बसून होतो. चादरी अंथरून भाकरी खाल्ली. अंताक्षरी झाली. आमच्या बसण्याच्या जागेपासून तीसेक पावलांवर कस्टमची पाटी होती. मी तिच्याकडे बघत चटणी खाल्ली.

तिथे काय करायचं असतं, ते मी नंतर समजून घेतलं. बॅग एअरलाइनच्या काउंटरवर सोपवण्याआधी, म्हणजे वस्तू हातात असतानाच, कस्टमच्या टेबलावर जायचं. पासपोर्ट, तिकीट आणि असल्यास बिल दाखवायचं. वस्तू प्रत्यक्ष दाखवायची. अधिकारी ती बघतात आणि कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक असं वर्णन लिहून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट देतात: ही वस्तू हा प्रवासी भारतातून घेऊन चालला आहे आणि परत आणणार आहे. येताना तो कागद पुढे केला की वाद मिटला. बिलापेक्षा हा कागद भारी, कारण बिल एवढंच सांगतं की अशी वस्तू कधीतरी घेतली होती. वस्तू तुमच्याबरोबर देशाबाहेर गेली, हे या कागदावर खुद्द कस्टमच लिहून देतं. माझ्या वापरलेल्या मायक्रोफोनसारख्या बिलाविना वस्तूंना तर दुसरा आधारच नाही. वस्तूला अनुक्रमांक नसेल तर ओळख पटवणं कठीण जातं, म्हणून आता मी प्रत्येक मायक्रोफोनवरचा कोरलेला क्रमांक भिंगाने वाचून वहीत उतरवून ठेवलाय. इतकी बारीक अक्षरं कुणासाठी कोरतात कोण जाणे.

तुमचा आक्षेप मला आत्ताच ऐकू येतोय. तीस माणसांत एक रेकॉर्डरवाला, त्याच्यासाठी पुस्तिका बदलायची? पण जरा मागच्या सहलींचे ग्रुप फोटो काढून बघा. पूर्वी गळ्यात एक डबडा कॅमेरा असायचा, आता लेन्सची आख्खी बॅग असते. निवृत्त झालेली माणसं आता नाद करतात आणि नादाला पैसे घालतात; सोलापूरकर बाकी काटकसरी, पण नादात नाही. कुणी पक्ष्यांचे फोटो काढतो, कुणी नातवासाठी कीबोर्ड घेऊन मेलबर्नला जातो. तरुण मंडळी तर हनिमूनलाही मायक्रोफोन घेऊन जातात, व्हिडिओ करायचे असतात. बॅगेतल्या या वस्तूंची बेरीज सवलतीच्या मर्यादेपुढे जायला आज वेळ लागत नाही.

आणि आपल्या भजनी मंडळांचं काय? बाहेरदेशी कार्यक्रमाला गेलं की पेटी, तबला, मिक्सर, मायक्रोफोन सगळं जातं. धंद्याचं किंवा कार्यक्रमाचं सामान तात्पुरतं बाहेर न्यायचं असेल तर एटीए कार्नेट नावाचा आंतरराष्ट्रीय कागद असतो; आपल्याकडे तो फिक्की ही व्यापार-उद्योगांची संघटना देते आणि त्याची मुदत एक वर्षाची असते. त्यासाठी हमीची रक्कम ठेवावी लागते, त्यामुळे हौशी प्रवाशाने त्या भानगडीत पडायचं कारण नाही. पण तिकडे पैसे घेऊन कार्यक्रम करणारं मंडळ 'आम्ही आपले पर्यटक' म्हणून दहा पेट्या घेऊन निघालं तर प्रश्न विचारले जाणारच, इथेही आणि तिथेही. हा फरक मंडळाला निघण्याच्या महिनाभर आधी कळायला हवा, आणि तो सांगणारं तुमच्याशिवाय त्यांच्या ओळखीत कुणी नसतं.

नेपाळवाल्यांना वेगळं सांगायला हवं. पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथच्या सहली आपल्याकडून भरभरून जातात, बऱ्याच बसने, सीमेवरून. २०१६ च्या नियमांत नेपाळहून विमानाने येणाऱ्याला सवलत होती फक्त १५,००० ची, आणि जमिनीवरून येणाऱ्याला वापरलेल्या वैयक्तिक वस्तूंपलीकडे काहीच नाही. म्हणजे सहल जितकी स्वस्त, तितका कागद जास्त महत्त्वाचा. असे आकडे सरकार अधूनमधून बदलतं, तेव्हा पुस्तिकेत गेल्या वर्षीचा आकडा उतरवू नका. प्रत्येक हंगामाला केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावरचा चालू आकडा बघून छापा. तुम्ही हॉटेलचे दर बदलता तसंच हेही.

बॅटरीचं थोडक्यात. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच न्यायच्या, विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत नाही. १०० वॅट-अवरच्या आतली बॅटरी चालते, रेकॉर्डरच्या बॅटऱ्या सहसा त्याच्या बऱ्याच खाली असतात. टोकांना चिकटपट्टी लावावी. आणि वायरलेस मायक्रोफोन हा साधा मायक्रोफोन नव्हे, तो ट्रान्समीटर आहे. कुठल्या देशात कुठली फ्रिक्वेन्सी चालते हे बघूनच न्यावा, नाहीतर तारेचा मायक्रोफोन बरा.

सहलीच्या आधी तुम्ही एखाद्या हॉलमध्ये प्रवाशांची बैठक घेता, चहा-पोहे देता, ओळखी करून देता. त्या बैठकीत एकच प्रश्न वाढवा: सवलतीच्या मर्यादेपुढे जाईल असं महागाचं सामान कोण कोण नेणार आहे? चार हात वर येतील. त्या चौघांना बिलं शोधायला पंधरा दिवस मिळतील, रात्री दीडला मुलाला माळ्यावर चढवावं लागणार नाही. आणि जाताना विमानतळावर त्या चौघांना घेऊन टूर मॅनेजरने आधी कस्टमच्या टेबलाकडे जावं, बाकीच्यांना भाकरी खाऊ दे. टेबलावर कधी कुणी नसतं, कधी रांग असते, म्हणून तासभर हाताशी ठेवावा. आमच्याकडे साडेतीन होते. बोर्डिंगची घोषणा झाल्यावर 'आता सर्टिफिकेट' म्हणणाऱ्याला कुणी मदत करू शकत नाही.

तुमचं काम सोपं व्हावं म्हणून पुस्तिकेसाठी मजकूरच लिहून देतो. तो असा:

'कॅमेरा, लेन्स, ध्वनिमुद्रणाची साधने, वाद्ये अशा महाग वस्तू सोबत नेत असाल तर बिलाची प्रत आणि वस्तूवरील अनुक्रमांकाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. एक प्रत घरच्यांकडेही द्या. निघताना, बॅग काउंटरवर देण्याआधी, वस्तू हातात असतानाच विमानतळावरील कस्टम अधिकाऱ्यांकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या. आमचे टूर मॅनेजर तुमच्यासोबत येतील. परत येताना हा कागद पासपोर्टजवळ ठेवा. परदेशात खरेदी केलेल्या वस्तूंची बिले वेगळ्या पाकिटात ठेवा. सवलतीच्या मर्यादेपेक्षा जास्त खरेदी असेल तर लाल वाटेने जा आणि तसे जाहीर करा. पती-पत्नीची सवलत एकत्र होत नाही.'

पायमोज्यांच्या खाली छापलं तरी चालेल, पण शेंगा चटणीच्या खाली छापलंत तर नक्की वाचलं जाईल. त्यातलं 'टूर मॅनेजर सोबत येतील' हे वाक्य मात्र खरं होणार असेल तरच ठेवा.

आजींचं गाणं ऐकायचं असेल तर कधीही घरी या. त्या रात्री टेबलावर रेकॉर्डर चालू-बंद करताना ती फाईल पुसली तर जाणार नाही ना, या एका भीतीने माझे हात थरथरत होते; अठ्ठावीस हजारांचं मला तितकंसं वाटलं नव्हतं. घरी आल्यावर आधी तिच्या तीन प्रती केल्या आणि मग झोपलो.

येत्या हिवाळ्यात आम्ही दोघं श्रीलंकेला निघतोय, तुमच्यापैकीच एकाबरोबर. नाव नोंदवलंय. बैठकीला येईन तेव्हा वही आणि बिलं सोबत असतील, आणि प्रश्न तुम्ही विचारला नाहीत तर पोहे संपायच्या आत मी उभा राहून विचारेन.

आपला,
एक प्रवासी
जुळे सोलापूर